शेअर आपला, गहाण दुसऱ्याचं: कार्वी प्रकरणाचा अभ्यास

2 डिसेंबर 2019 च्या सोमवारी एनएसडीएल या डिपॉझिटरीने, म्हणजे शेअरच्या मालकीची डिजिटल वही ठेवणाऱ्या संस्थेने, कार्वी या ब्रोकरच्या एका खात्यातले शेअर काढले आणि 82,559 ग्राहकांच्या डीमॅट खात्यांत जमा केले. ग्राहकांना वाटलं, चोरीला गेलेला माल सापडला. ज्या बँकांनी आणि वित्तसंस्थांनी तेच शेअर गहाण ठेवून घेऊन कोट्यवधींची कर्जं दिली होती त्यांना वाटलं, आपलं तारण भर दिवसा कोणीतरी उचलून नेलं. कागद दोन्ही बाजूंकडे होते आणि ते खरेही होते.

कार्वी स्टॉक ब्रोकिंगचं प्रकरण लोकांच्या लक्षात आहे ते 'ब्रोकरने ग्राहकांच्या शेअरवर हात मारला' एवढ्यापुरतं. ते खरंच आहे, आणि कुंपणाने शेत खाल्ल्याची गोष्ट कळायला फार डोकं लागत नाही. खरा पेच त्यानंतरचा आहे. लबाडी उघडी पडली, ब्रोकरकडे पैसे नाहीत, शेअर तेवढे शिल्लक आहेत. त्यांच्यावर पहिला हक्क कोणाचा? पैसे मोजून ते विकत घेणाऱ्याचा, की ते तारण म्हणून धरून कर्ज देणाऱ्याचा? बाजार नियामक सेबीने याचं एक उत्तर दिलं आणि चार वर्षांनी सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या रोखे अपिलीय न्यायाधिकरणाने नेमकं उलट. माझं मत सांगायचं तर निकाल सेबीचा पटतो आणि कारणं न्यायाधिकरणाची पटतात. हे अवघडल्यासारखं वाटेल, पण प्रकरणच तसं आहे.

आपल्याकडे बाजारात आणि बँकेत 'सिक्युरिटी' हा शब्द दिवसभर फिरत असतो. ब्रोकरच्या तोंडी सिक्युरिटी म्हणजे शेअर, रोखे, डिबेंचर, फंडाचं युनिट. 1956 च्या रोखे करार नियमन कायद्यात त्यांची यादीच आहे. कर्ज खात्यातल्या अधिकाऱ्याच्या तोंडी सिक्युरिटी म्हणजे तारण: हप्ते थकले तर विकून वसुली करता येईल अशी वस्तू. घरमालक सिक्युरिटी मागतो तेव्हा त्याला अनामत रक्कम हवी असते. आणि निवृत्तीचे पैसे घेऊन आलेला माणूस 'सिक्युरिटी आहे ना?' असं विचारतो तेव्हा त्याला एवढंच कळून घ्यायचं असतं की पैसा बुडणार नाही ना. एरवी हे अर्थ एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. कार्वीत मात्र एकच शेअर पहिल्या माणसाची मालमत्ता होता, दुसऱ्याचं तारण होता आणि दोघांच्याही मनात सुरक्षित होता.

कंपनी आणि तिचं नाव

कार्वीची सुरुवात 1983 साली हैदराबादमध्ये चार्टर्ड अकाउंटंट मंडळींनी केली. सी. पार्थसारथी हा त्यातला पुढे सर्वेसर्वा झालेला माणूस. समूहाचा नावलौकिक झाला तो मुख्यतः रजिस्ट्रारच्या कामामुळे. कंपन्यांच्या भागधारकांच्या नोंदी ठेवणं, आयपीओचं वाटप करणं, म्युच्युअल फंडांचे व्यवहार नोंदवणं ही ती कामं. नव्वदच्या दशकानंतर ज्याने कधी आयपीओचा फॉर्म भरला त्याने 'आपल्याला लागला का' हे बघायला एकदा तरी कार्वीचं दार वाजवलेलं असतं. तालुक्याच्या गावातसुद्धा हे नाव परकं नव्हतं.

हे सांगण्याचं कारण म्हणजे विश्वास या नावावर होता. लोकांनी ब्रोकिंग कंपनीचा ताळेबंद वाचून खाती उघडली नव्हती. रजिस्ट्रारचा धंदा आणि ब्रोकिंगचा धंदा या वेगवेगळ्या कंपन्या होत्या. प्रकरण फुटण्याआधीच रजिस्ट्रार कंपनीची मोठी हिस्सेदारी परदेशी गुंतवणूकदाराकडे गेली होती आणि पुढे तिने केफिनटेक असं नाव घेतलं. पण 'आपला फंड कार्वीकडे आहे, मग तोही गेला का' असा प्रश्न अनेकांना पडला. तो गेला नव्हता.

शेअर कुठल्या वाटेने बाहेर पडले

इथे थोडं थांबायला हवं, कारण बातम्यांनी हा भाग नेहमीच घाईत उरकला.

समजा, साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने 2017 मध्ये एका मोठ्या बँकेचे 200 शेअर पूर्ण पैसे भरून घेतले. त्या काळच्या व्यवस्थेत हे शेअर एक्स्चेंजकडून थेट त्यांच्या डीमॅटमध्ये येत नसत. आधी ते ब्रोकरच्या पूल खात्यात, म्हणजे सगळ्या ग्राहकांच्या सामाईक खात्यात येत आणि तिथून ब्रोकरने ते बाईंच्या खात्यात पाठवायचे. ही पहिली फट.

दुसरी फट मुखत्यारपत्राची. खातं उघडताना ज्या गठ्ठाभर कागदांवर सह्या होतात त्यातच पॉवर ऑफ ॲटर्नी असे. शेअर विकल्यावर प्रत्येक वेळी डिलिव्हरी स्लिप भरून शाखेत नेऊन द्यायला नको, ब्रोकरने आपोआप शेअर उचलावेत, एवढाच तिचा हेतू. पण तिच्या जोरावर ब्रोकरचा हात ग्राहकाच्या खात्यापर्यंत पोचत होता.

तिसरी फट मार्जिनची. वायद्यात सौदे करायचे तर अनामत लागते. रोख नसेल तर शेअर द्या, लिमिट वाढवून देतो, असं डीलर सांगायचा. त्यासाठी ग्राहकाचे शेअर ऑफ-मार्केट पद्धतीने, म्हणजे बाजारात सौदा न होता थेट खात्यातून खात्यात, ब्रोकरकडे जात. इथे भाषेत एक गडबड होती. 'तुमचे शेअर मार्जिनला ठेवलेत' असं सगळे म्हणत, पण नोंदीत ते ठेवलेले नसत, हस्तांतरित झालेले असत. डिपॉझिटरीच्या वहीत त्या क्षणापासून लाभार्थी मालक ब्रोकर. त्यातले किती शेअर कोणाचे, हा हिशेब फक्त ब्रोकरच्या बॅक ऑफिसच्या संगणकात.

ग्राहकाला यातलं काय दिसतं? ब्रोकरच्या ॲपवर किंवा त्याने मेलवर पाठवलेल्या पत्रकात 200 शेअर जसेच्या तसे. कारण तो आकडा ब्रोकरच्याच बॅक ऑफिसमधून आलेला. डिपॉझिटरी स्वतः पाठवते ते एकत्रित पत्रक उघडलं असतं तर तिथे मात्र ते दिसले नसते. आणखी एक खूण असे: शेअर आपल्या नावावर असतील तर लाभांश कंपनीकडून थेट बँक खात्यात येतो, आणि ब्रोकरच्या खात्यात पडून असतील तर कंपनी तो ब्रोकरला देते आणि ब्रोकर आपल्याला. पासबुकात लाभांश कोणाकडून जमा झाला हे बघितलं की शेअर कुठे आहेत ते कळू शकत होतं. पैसे येतायत म्हटल्यावर हे बघतो कोण!

ग्राहकाकडून येणं असेल तर त्या उधारीपुरते त्याचे शेअर ब्रोकरने गहाण टाकणं, हे पूर्वी धंद्याच्या रिवाजात बसत होतं. कार्वीने केलं ते यात बसत नव्हतं. ज्यांच्याकडे एक रुपयाही येणं नाही अशा ग्राहकांचे पूर्ण पैसे भरलेले शेअर तिने गोळा केले, गहाण टाकले आणि कर्ज स्वतःच्या नावावर घेतलं. सेबीच्या अंतिम आदेशातला हिशेब असा: सप्टेंबर 2019 ला कर्जाची रक्कम सुमारे 2,033 कोटी रुपये आणि गहाण असलेल्या शेअरची किंमत सुमारे 2,700 कोटी रुपये.

न सांगितलेलं खातं

जून 2019 मध्ये सेबीने परिपत्रक काढलं. ग्राहकांचे शेअर यापुढे बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे गहाण टाकून पैसा उभा करायचा नाही; ग्राहकाने लेखी परवानगी दिली तरी नाही. आधीच गहाण असलेले ठरावीक मुदतीत सोडवून परत करायचे. ज्यांचा व्यवहार सरळ होता त्यांना हे थोडं महाग पडलं, एवढंच. पण जिथे गहाण सोडवायला पैसाच नव्हता तिथे या परिपत्रकाने घड्याळ लावून दिलं.

ऑगस्टमध्ये एनएसई या शेअर बाजाराने कार्वीची तपासणी केली. 2016 च्या सेबीच्या नियमांनुसार प्रत्येक ब्रोकरने आपली सगळी बँक आणि डीमॅट खाती एक्स्चेंजला कळवायची असतात, आणि खातं कशासाठी आहे ते त्याच्या नावातच दिसलं पाहिजे: ग्राहकांचं, स्वतःचं, की तारणाचं. कार्वीचं एक डीमॅट खातं या यादीत नव्हतंच. त्याचं नाव होतं कंपनीचं नाव आणि पुढे 'बीएसई' ही तीन अक्षरं. ग्राहकांचं आहे असं त्यावर लिहिलेलं नव्हतं आणि मालकीचं आहे असंही नाही. गहाणाचा सगळा खेळ या खात्यातून चालला होता.

हे बिनलेबलचं खातं माझ्या मते प्रकरणाचा गाभा आहे. पुढे जो कोर्टकज्जा झाला तो जवळजवळ सगळा या खात्याच्या नावाभोवती फिरला. 'ग्राहक खातं' असा शिक्का असता तर कुठल्याही बँकेच्या अधिकाऱ्याने ते तारण घेताना हात आखडता घेतला असता.

पैसा गेला कुठे? एप्रिल 2016 ते ऑक्टोबर 2019 या काळात निव्वळ 1,096 कोटी रुपये कार्वी रिअल्टी या समूहातल्याच कंपनीकडे गेल्याचं एनएसईच्या अहवालात आलं. शेअर ग्राहकांचे, त्यांच्यावर कर्ज ब्रोकिंग कंपनीचं आणि पैसा जमीन-बांधकामाच्या कंपनीत. शेअर दोन दिवसांत विकून रोकड होतात, जमीन होत नाही. बाजार पडला, बँकेने जादा तारण मागितलं किंवा ग्राहकाने शेअर परत मागितले, की अशा रचनेत आणखी कोणाचे तरी शेअर उचलण्याशिवाय मार्ग उरत नाही. याची टोपी त्याच्या डोक्यावर हा प्रकार बाजार चढता असेपर्यंत खपून जातो.

आणि तीन वर्षं हे चाललं तेव्हा एक्स्चेंजच्या, डिपॉझिटरीच्या आणि लेखापरीक्षकांच्या तपासण्या होतच होत्या. कागदावर प्रत्येक जण आपापला चौकोन भरत होता. एनएसडीएलला दिसत होतं की कार्वीच्या खात्यातले शेअर गहाण पडतायत, पण त्यातले ग्राहकांचे कोणते हे तिला दिसत नव्हतं. एनएसईला ग्राहकांचे सौदे दिसत होते, पण ते एक खातं दिसत नव्हतं. दोन्ही याद्या कोणी शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर फरक दिसला असता. दोन्ही संस्थांची मुख्यालयं मुंबईतच आहेत, हे जाता जाता.

दहा दिवस

22 नोव्हेंबर 2019, शुक्रवार. सेबीने एकतर्फी अंतरिम आदेश काढला. कार्वीने नवे ग्राहक घ्यायचे नाहीत. मुखत्यारपत्राच्या आधारे दिलेल्या तिच्या सूचना डिपॉझिटरींनी मानायच्या नाहीत. आणि त्या बिनलेबलच्या खात्यातले शेअर एनएसईच्या देखरेखीखाली, ज्यांनी पूर्ण पैसे भरलेत त्या खऱ्या मालकांकडेच जातील. बाधित ग्राहकांची संख्या सुमारे 95,000 सांगितली जात होती.

यात कर्ज देणाऱ्यांचा विचार कुठे होता? नव्हता. गहाण असलेल्या शेअरचं काय करायचं, गहाणधारकाला विचारायचं का, यावर आदेश गप्प होता. 2 डिसेंबरला शेअर परत गेले. त्याच दिवशी एनएसई आणि बीएसईने कार्वीचा व्यवहार परवाना स्थगित केला. 3 डिसेंबरला बजाज फायनान्स रोखे अपिलीय न्यायाधिकरणापुढे उभी होती. तिचे सुमारे 345 कोटी अडकले होते. न्यायाधिकरणाने पुढचं हस्तांतर थांबवलं आणि सेबीला सांगितलं की यांचं म्हणणं ऐका. पण घोडं गंगेत न्हालं होतं. 82,559 खात्यांत शेअर पोचले होते आणि त्यातले काही विकलेही गेले असणार. मागोमाग आयसीआयसीआय, एचडीएफसी, इंडसइंड आणि ॲक्सिस याही बँका आल्या. सेबीने त्यांचं ऐकून घेतलं आणि डिसेंबरच्या मध्यास त्यांची मागणी फेटाळली.

सेबीची बाजू थोडक्यात अशी होती: जे आपलं नाही ते गहाण टाकण्याचा अधिकार कार्वीला नव्हता, म्हणून गहाणच बेकायदा. आणि ब्रोकरकडून शेअर तारण घेताना ते नक्की कोणाचे याची खातरजमा करणं बँकांचं काम होतं.

सराफ आणि बांगड्या

तुम्ही पॉलिशला दिलेल्या बांगड्या सराफाने पतपेढीत गहाण टाकल्या आणि तो पळून गेला, तर पतपेढी बांगड्या ठेवून घेऊ शकते का? बहुतेक जण म्हणतील, नाही. चोराला जे नाही ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. सर्वसाधारणपणे कायदाही हेच म्हणतो. पण 1872 च्या भारतीय करार कायद्यात याला अपवाद आहे: मालकाच्या संमतीने ज्या व्यापारी दलालाच्या ताब्यात माल आहे त्याने धंद्याच्या नेहमीच्या ओघात तो गहाण टाकला, आणि घेणाऱ्याने सद्भावनेने, दलालाला अधिकार नाही हे माहीत नसताना घेतला, तर गहाण टिकू शकतं. सगळं अडतं ते 'संमती', 'सद्भावना' आणि 'माहीत नसताना' या तीन ठिकाणी.

डीमॅट शेअरच्या बाबतीत यावर आणखी एक थर चढतो. 1996 च्या डिपॉझिटरी कायद्यानुसार शेअर गहाण टाकायचा तर डिपॉझिटरीच्या वहीत नोंद व्हावी लागते, आणि ती नोंदच गहाणाचा पुरावा. बांगडी हातात असते. डीमॅट शेअर हातात नसतो, तो फक्त नोंदीत असतो. बँकेने वही उघडली, मालकाच्या रकान्यात कार्वी दिसली, कार्वीने गहाणाची विनंती दिली, एनएसडीएलच्या व्यवस्थेने ती नोंदवून घेतली. बँक आता विचारते की मी आणखी काय बघायला हवं होतं? वही चुकीची असेल तर ती लिहिणाऱ्याला धरा.

20 डिसेंबर 2023 रोजी न्यायाधिकरणाने हाच धागा पकडला. नोंदीप्रमाणे लाभार्थी मालक कार्वी होती, गहाण कायद्याप्रमाणे नोंदलेलं होतं, आणि गहाणधारकाच्या संमतीशिवाय गहाण शेअर हलवण्याची मुभा डिपॉझिटरीच्या स्वतःच्याच नियमांत नाही. म्हणून सेबी, एनएसई आणि एनएसडीएल यांनी एक तर गहाण पूर्ववत करावं, नाहीतर शेअरची किंमत दरसाल 10 टक्के व्याजासह भरून द्यावी. एकूण दावे सुमारे 1,400 कोटींचे. अशा निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवलेली आहे, त्यामुळे हा निकाल म्हणजे शेवटचा शब्द असं मी धरत नाही. पण त्यातली कारणं वजनदार आहेत.

नोंदीवर विश्वास ठेवता आला नाही तर डीमॅट व्यवस्थाच उरत नाही. कागदी सर्टिफिकेटच्या जमान्यात सही जुळत नाही म्हणून शेअर परत यायचे, बनावट सर्टिफिकेटं फिरायची. हे सगळं संपलं ते 'वहीत जे लिहिलंय तेच खरं' या एका तत्त्वावर. उद्या एखाद्या चांगल्या कारणासाठी का होईना, नियामक एका आदेशाने गहाणाची नोंद पुसू शकतो असं झालं, तर शेअरवर कर्ज देणारा प्रत्येक जण व्याज वाढवेल, आणि ते सामान्य कर्जदारच भरेल. आधी हस्तांतर आणि मग सुनावणी हा क्रम तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. दहा दिवस हाताशी होते. गहाण शेअर तेवढे गोठवून ठेवून कर्जदात्यांना बोलावणं अशक्य नव्हतं.

तरीही बँकांबद्दल मला फारशी कणव वाटत नाही. समोर कर्ज मागणारा ब्रोकर आहे. दुसऱ्यांचे शेअर सांभाळणं हा त्याचा धंदाच. ब्रोकिंग कंपनीच्या ताळेबंदात तिची स्वतःची गुंतवणूक किती हे छापलेलं असतं. गहाण येणारा माल त्या आकड्याशी ताडून बघायला एक विश्लेषक आणि एक दुपार पुरते. शिवाय जून 2019 चं परिपत्रक सगळ्यांनी वाचलेलं होतं. त्यानंतर तरी 'हे शेअर ग्राहकांचे नाहीत असं एक्स्चेंजकडून लिहून आणा' म्हणता आलं असतं. तारण भरपूर, लगेच विकता येण्यासारखं आणि नाव मोठं, म्हटल्यावर प्रश्न विचारायची सवय सुटते. एखाद्या छोट्या उद्योजकाकडे याच बँका सात-बाराचा तीस वर्षांचा इतिहास, शोध अहवाल आणि दोन जामीनदार मागतात.

साताऱ्याच्या आपल्या शिक्षिकेला विचारलं असतं तर त्यांना या वादात रस नसता. त्यांनी कोणाला कर्ज दिलं नव्हतं, कोणाकडून घेतलं नव्हतं, जोखमीच्या बदल्यात व्याज घेतलं नव्हतं. बँक जोखमीची किंमत व्याजात वसूल करते, तिच्याकडे वकील असतात, बुडीत कर्जाची तरतूद असते. दोघांपैकी एकालाच झळ लागणार असेल तर ती कोणाला लागावी, याबाबत माझ्या मनात संदेह नाही. फक्त ते करायची रीत दुसरी होती: शेअर ग्राहकांना द्या, आणि वही बिनचूक ठेवण्यात कमी पडलेल्या संस्थांनी कर्जदात्यांचं नुकसान किती सोसायचं हे सुनावणी घेऊन ठरवा. न्यायाधिकरणाच्या निकालाचा व्यवहारातला अर्थ शेवटी जवळपास हाच होतो. फक्त चार वर्षं आणि व्याजाचा भुर्दंड वर चढला.

नंतर

नोव्हेंबर 2020 मध्ये एनएसईने कार्वीला सदस्यत्वावरून काढून थकबाकीदार जाहीर केलं. तोवर सुमारे 2.35 लाख गुंतवणूकदारांचे मिळून 2,300 कोटींचे पैसे आणि शेअर परत केल्याचं एनएसईने सांगितलं. उरलेल्यांना गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे दावा करायचा होता. तिथे प्रत्येकी 25 लाखांची मर्यादा, त्यामुळे मोठे खातेदार रांगेत राहिले. कार्वीकडची डीमॅट खाती आयआयएफएल या दुसऱ्या ब्रोकरकडे आणि ट्रेडिंग खाती ॲक्सिस सिक्युरिटीजकडे गेली. ऑगस्ट 2021 मध्ये एका बँकेच्या तक्रारीवरून पार्थसारथी यांना हैदराबाद पोलिसांनी अटक केली. सेबीचा अंतिम आदेश आला एप्रिल 2023 मध्ये: कंपनी आणि पार्थसारथी यांना सात वर्षं बाजारबंदी, आणि दंड कंपनीला 13 कोटी, पार्थसारथींना 8 कोटी. गहाण 2,700 कोटींचं आणि दंड 21 कोटी, यावर काही लिहायची गरज वाटत नाही.

बदलली ती व्यवस्था, आणि ती खरोखर बदलली. 1 सप्टेंबर 2020 पासून मार्जिनसाठी शेअर ब्रोकरच्या खात्यात जातच नाहीत. ते ग्राहकाच्याच डीमॅटमध्ये राहतात आणि त्यांच्यावर ब्रोकरच्या नावे गहाणाची खूण पडते. ब्रोकर ते पुढे त्याचे सौदे मिटवून देणाऱ्या क्लिअरिंग सदस्याकडे आणि तो बाजाराच्या सगळ्या सौद्यांची हमी घेणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे फेरगहाण करतो. या साखळीत कर्ज देणारी बँक कुठेच नाही. पहिली खूण पडण्याआधी ग्राहकाच्या मोबाइलवर डिपॉझिटरीकडून लिंक येते, पॅन टाकावा लागतो, कोणत्या कंपनीचे किती शेअर ते पडद्यावर दिसतं आणि ओटीपी दिल्याशिवाय पुढे जात नाही. वैताग येतो, विशेषतः बाजार उघडायला पाच मिनिटं असताना ओटीपी येत नाही तेव्हा. पण कार्वीच्या काळात ग्राहकाला न कळवता जे घडत होतं ते आता त्याच्या बोटाशिवाय घडत नाही. मुखत्यारपत्राच्या जागी 2022 पासून डीडीपीआय नावाचं मर्यादित संमतीपत्र आलं, ज्यात ब्रोकरला मिळणारे अधिकार मोजून लिहिलेले आहेत. आणि 2024 च्या अखेरीपासून विकत घेतलेले शेअर पूल खात्याला वळसा घालून थेट ग्राहकाच्या खात्यात येऊ लागले. तिन्ही फटी बुजवल्या गेल्या, पाच वर्षांत.

पत्रक वाचायची गरज मात्र अजून संपलेली नाही. डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित पत्रक, महिन्यात व्यवहार झाला असेल तर दरमहा आणि नसेल तर सहा महिन्यांनी, बहुतेकांच्या मेलमध्ये न उघडता पडून असतं. त्यात प्रत्येक शेअरपुढे मोकळे किती आणि गहाण किती याचे वेगळे रकाने असतात. आपण कोणाकडे काही गहाण ठेवलेलं नसेल तर गहाणाचा रकाना रिकामा हवा.

तो भरलेला दिसतो असे ग्राहक आता वाढतायत, आणि ते कोणाच्या लबाडीमुळे नाही. एमटीएफ, म्हणजे थोडे पैसे आपले आणि उरलेले ब्रोकरचे घालून शेअर घेण्याची सोय, ॲपवर एका बटणाच्या अंतरावर आलीय. बटण दाबताना 'चौपट खरेदी करा' असं काहीतरी ठळक लिहिलेलं असतं. घेतलेले शेअर ब्रोकरकडे गहाण राहतील आणि भाव पडून मार्जिन कमी झालं तर ब्रोकर ते विकू शकेल, हे खालच्या बारीक अक्षरांत. यात फसवणूक नाही, नोंद स्वच्छ आहे, गहाणवट ग्राहकानेच मान्य केलेली आहे. बाजार जोरात पडतो त्या सकाळी ब्रोकरांचे फोन खणखणतात ते बहुतेक याच ग्राहकांचे: खात्यात दिसणारे माझे शेअर मला न विचारता कसे विकले?